टेप डिजिटल करताना चित्र का उडतं आणि ते कुठे दुरुस्त करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी जुन्या व्हीएचएस कॅसेट आहेत, बहुतेक कौटुंबिक. व्हीसीआर मिळवला, व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवणारं यूएसबीचं कॅप्चर डिव्हाइस लावलं, रेकॉर्डिंगही झालं. पण फाइलमध्ये चित्राचा वरचा भाग एका बाजूला लवतो, मधूनच आडवे पट्टे सरकतात, काही ठिकाणी स्क्रीन एकदम निळी होते आणि टेप संपत येते तेव्हा आवाज ओठांच्या मागे पडलेला असतो. हे सगळं नीट करणारं सॉफ्टवेअर कोणतं?

सॉफ्टवेअरचा विचार सगळ्यात शेवटी करा. तुमच्या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि दोष एकदा फाइलमध्ये उतरला की त्यातलं बहुतेक काही धड सुधारत नाही. पट्टा दिसतो त्या जागी मशीनला चित्र वाचताच आलेलं नसतं. जे वाचलंच गेलं नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? टेपवर मात्र ते अनेकदा शाबूत असतं, फक्त नीट वाचून घ्यावं लागतं. बरीच वर्षं हे काम केल्यावर माझी एक सवय पक्की झाली आहे: दोष दिसला की कॉम्प्युटरकडे न वळता आधी चित्रात तो नेमका कुठे आहे ते बघायचं. वर, खाली, सगळीकडे, की फिरता? मशीनचा कुठला भाग उघडायचा ते या एका गोष्टीवरून बऱ्यापैकी कळतं.

त्याही आधी एक साधी चाचणी करा. काउंटर शून्यावर आणा आणि दोष असलेला अर्धा मिनिट तीनदा चालवा. दर वेळी तोच दोष त्याच क्षणी, त्याच जागी आला तर तो टेपवर आहे. जागा बदलली, किंवा एकदा आला आणि एकदा नाही, तर संशय मशीनवर किंवा पुढच्या जोडणीवर. मग नीट चालते हे माहीत असलेली दुसरी कॅसेट त्याच मशीनमध्ये लावा. आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही कुठे मिळाला तर व्हीसीआर थेट त्याला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि कॅप्चरमध्ये मात्र उड्या, असं असेल तर टेप आणि हेड (मशीनचा टेप वाचणारा भाग) दोन्ही ठीक आहेत. गडबड सिग्नलच्या वेळेची आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या चारपैकी निदान दोन तक्रारी तिथल्याच दिसतात.

टेपवर चित्र कसं असतं हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचं सोपं जातं. व्हीएचएसची टेप १२.७ मिलिमीटर रुंद. पालमध्ये (भारतातल्या अॅनालॉग टीव्हीची पद्धत), नेहमीच्या एसपी वेगात, ती सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर पुढे सरकते. इतक्या संथ टेपवर चित्र मावलं नसतं, म्हणून हेड फिरवतात. ६२ मिलिमीटर व्यासाचा एक गुळगुळीत ड्रम किंचित तिरका बसवलेला असतो आणि तो सेकंदाला २५ फेऱ्या घेतो (अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत जवळपास ३०). त्यावर समोरासमोर दोन हेड असतात. टेप ड्रमला अर्धा वळसा घालून जाते आणि प्रत्येक हेड अर्ध्या फेरीत टेपवर एक तिरकी रेघ वाचतं. एक रेघ म्हणजे एक फील्ड, म्हणजे अर्धं चित्र. ही रेघ पालमध्ये साधारण ४९ मायक्रॉन रुंद असते, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. टेपच्या खालच्या काठावर कंट्रोल ट्रॅक असतो. हेडनं कुठली रेघ कधी पकडायची याचा ताल मशीनला तिथून मिळतो. वरच्या काठावर साधा आवाज असतो.

तिरक्या रेघेची सुरुवात म्हणजे चित्राचा वरचा भाग आणि शेवट म्हणजे खालचा. आता दोष वाचू या.

सगळ्या चित्रावर मुंग्या आल्या आणि आवाज मात्र नीट असला, तर हेडवर मळ बसला आहे. मुंग्यांमधून चित्र दिसतंय पण भयंकर लुकलुकतंय, म्हणजे दोनपैकी एकच हेड बंद आहे आणि एकाआड एक फील्ड गायब होतंय. मुंग्यांचा पट्टा चित्राच्या वरच्या भागात ठाण मांडून बसला असेल तर ड्रमकडे टेप आत जाते त्या बाजूच्या मार्गदर्शक खांबाची उंची जुळत नाही. खाली बसला असेल तर बाहेर पडण्याच्या बाजूच्या खांबाची. पट्टा वरून खाली किंवा खालून वर सरकत राहतो तेव्हा ट्रॅकिंग, म्हणजे हेड नेमकं रेघेवरूनच जाणं, जुळलेलं नसतं, किंवा कंट्रोल ट्रॅकचा ताल तुटतोय आणि मशीन तो पुन:पुन्हा पकडू पाहतंय. क्षणभर चमकून जाणाऱ्या पांढऱ्या बारीक रेघा, शेपूट असल्यासारख्या, म्हणजे ड्रॉपआउट: तेवढ्या जागी टेपवरचा चुंबकीय थर उडालेला असतो किंवा त्यावर धूळ असते. चित्राच्या अगदी तळाशी पाच-आठ ओळींचा जो फाटका पट्टा कायम दिसतो तो दोषच नव्हे. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं ती ही जागा. जुन्या टीव्हीत हा भाग चौकटीमागे लपायचा, फाइलमध्ये उघडा पडतो. त्याच्या मागे लागू नका. शेवटी तेवढ्या ओळी काळ्या करून टाका.

आता साफसफाई. बरेच लोक कॅसेटच्या आकाराचा सुका हेड क्लीनर आणून चालवतात. तो हेड घासतो. एकदा ठीक, पण दर टेपनंतर चालवला तर तुम्ही हेडच झिजवत आहात. मी हातानं साफ करतो आणि तसंच करा म्हणून आग्रह धरतो, कारण जमलं की दहा मिनिटांचं काम आहे.

वायर भिंतीतून काढा. वरचं झाकण उघडा. ड्रमच्या चकचकीत कडेला बोट लावू नका, बोटाचं तेल तिथे नको. साध्या पांढऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घडी घालून घ्या आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. ही पट्टी ड्रमच्या कडेला एका बोटानं अलगद टेकवून स्थिर धरा. दुसऱ्या हातानं ड्रमचा वरचा भाग, मधल्या माथ्याला धरून, सावकाश फिरवा. पाच-सहा फेऱ्या. हलतो तो ड्रम, कागद नाही. हेड पट्टीखालून जाताना बोटाला अगदी हलकी टिचकी जाणवते. पट्टी उचलून पाहिलीत तर तिच्यावर एक तपकिरी आडवी रेघ उमटलेली दिसेल, कधी काळपट. तोच तुमच्या चित्रावरच्या मुंग्यांचा मळ. नवी पट्टी घ्या, पुन्हा फिरवा, रेघ उमटायची थांबेपर्यंत.

दोन गोष्टी मात्र चुकूनही करायच्या नाहीत. कागद वर-खाली घासायचा नाही. हेडचं टोक ठिसूळ फेराइटचं असतं, आडव्या दिशेचा दाब ते सोसतं, उभ्या दिशेत तुटतं. आणि ड्रमला कापसाची काडी लावायची नाही. तिचे तंतू हेडच्या टोकात अडकतात. टेपच्या वाटेवरचे बाकीचे भाग, म्हणजे खांब, आवाजाचं स्थिर हेड आणि टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा, यांना काडी चालेल. कॅपस्टनला टेप दाबून धरणाऱ्या रबरी रोलरवर अल्कोहोल फासू नका, रबर कोरडं पडून कडक होतं. सौम्य साबणाच्या पाण्यात ओला करून पिळलेला कपडा पुरे. सगळं वाळायला पाव तास द्या आणि मगच कॅसेट लावा. झाकण उघडं ठेवून टेप चालवून पाहायची असेल तर मशीनवर प्रखर दिवा नको: टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते आणि तिच्यातून आलेल्या उजेडावर मशीन टेप संपली हे ओळखतं. खोलीतला उजेड त्या सेन्सरवर पडला तर ते टेप मध्येच थांबवतं, आणि माणूस उगाच मोटरवर संशय घेतो.

साफ केलेल्या मशीनमध्येही पहिली कॅसेट बिनमहत्त्वाचीच लावायची. हे मी शिकलो ते एक टेप गमावून. एका कुटुंबानं वाढदिवसाची टेप दिली होती, त्यांच्याकडे त्या दिवसाचं दुसरं काहीच नव्हतं. मशीन आदल्या दिवशी नीट चाललं होतं म्हणून मी थेट तीच लावली. रोलर एका बाजूनं कडक झाला होता, त्यानं टेप तिरकी ओढली आणि खालचा काठ चुरगळला. कंट्रोल ट्रॅक तिथेच असतो, त्यामुळे जवळजवळ वीस सेकंदांचा तुकडा कुठल्याच मशीनवर स्थिर झाला नाही. ते वीस सेकंद मला आजही आठवतात. तेव्हापासून दर वेळी मशीन सुरू केलं की आधी एक फालतू टेप पाच मिनिटं चालवतो आणि ती बाहेर काढून तिच्या कडा उजेडात बघतो.

कॅसेटचीही तपासणी हवी. खिडकीतून रिळाकडे पाहा. टेपच्या कडांवर पांढुरके ठिपके किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये लावू नका. तिचे कण हेडवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, हाताळताना मास्क लावा, आणि साफ करायला एखादं टाकाऊ मशीन वेगळं राखा. टेप चालताना किंचाळल्यासारखा आवाज आला, ती ड्रमला चिकटू लागली, तर लगेच थांबवा. चुंबकीय थर धरून ठेवणारं द्रव्य दमट हवेत विघटन पावून चिकट झालेलं असतं. यावर टेप पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपासच्या नियंत्रित तापमानात कित्येक तास तापवण्याचा उपाय आहे, पण तो त्यासाठीच्या यंत्रात करायचा असतो. घरच्या ओव्हनचं तापमान वर-खाली होतं; त्यात ठेवू नका. गार जागेतून आणलेली कॅसेटही लगेच लावू नका, आत दव जमतं. रात्रभर खोलीत राहू द्या.

बुरशी किंवा चिकटपणा नसेल तर कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे न्या आणि पूर्ण रिवाइंड करा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या टेपची गुंडाळी कुठे सैल, कुठे घट्ट झालेली असते. ताण सारखा झाला की चित्राच्या वरचं लवणं कधी कधी तिथल्या तिथेच निम्म्यावर येतं.

कॅसेटचं कवच वाकलं असेल, झाकण तुटलं असेल किंवा रीळ अडत असेल, तर दोन्ही रिळं दुसऱ्या कवचात हलवता येतात. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. उघडण्याआधी कॅसेट सपाट ठेवा, वरचा भाग अलगद उचला आणि टेप कुठल्या खांबामागून जाते त्याचा फोटो काढा. तुटलेली टेप जोडायला स्टेशनरीची चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद पाझरून हेडवर जातो. स्प्लायसिंगची खास पट्टी मिळते. ती चुंबकीय थर नसलेल्या बाजूला, म्हणजे टेपच्या आतल्या अंगाला लावायची. जोड पक्का असला तरी तो ड्रमवरून शक्यतो नेऊ नये. मी जोडाच्या आधी थांबतो, कॅसेट काढतो, हातानं रीळ पुढे नेतो आणि पलीकडून सुरू करतो.

आता ट्रॅकिंग, म्हणजे तुमचे सरकते पट्टे. बहुतेक मशीन ते आपोआप जुळवतात आणि चांगल्या टेपवर छान जुळवतात. पण कमजोर टेपवर आपोआप जुळवणं हाच त्रास होतो. सिग्नल जरा क्षीण झाला की मशीन पुन्हा शोधाशोध सुरू करतं आणि तेवढा वेळ पट्टा फिरतो. ते बंद करून हातानं जुळवा. चित्रातल्या सरळ उभ्या कडेकडे, दाराच्या चौकटीकडे वगैरे, बघत बटण एकेक पायरी दाबा. पट्टा खाली जाऊन नाहीसा होईल, थोड्या पायऱ्यांनी दुसरीकडून परत येईल. या दोन टोकांच्या मधोमध थांबा. पट्टा नुकताच गेला तिथे थांबलात तर पुढच्या दहा मिनिटांत तो परत येणार. एकाच कॅसेटवर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी रेकॉर्ड केलेलं असेल तर प्रत्येक तुकड्याला जुळवणी निराळी लागते. तिथे मी कॅप्चर तुकड्यातुकड्यानंच करतो.

काही टेप कशानंच जुळत नाहीत, आणि इथे लोकांची फार फसगत होते. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचे खांब वाकडे असतील तर त्यानं रेघाच वाकड्या काढलेल्या असतात. अचूक जुळवलेलं उत्तम मशीन अशी टेप वाईट दाखवतं. त्याच्या दृष्टीनं रेघ जागेवर नाहीच. माझ्याकडे एक टेप तीन मशीनवर फिरली होती. सगळ्यात चांगल्या मशीनवर वरचा एक तृतीयांश भाग मुंग्यांनी भरलेला, दुसऱ्यावर थोडा कमी, आणि अडगळीतल्या तिसऱ्या जुनाट मशीनवर चित्र संपूर्ण स्वच्छ. त्या मशीनचे खांबही योगायोगानं त्याच बाजूला सरकलेले होते. म्हणून टेप वाया गेली म्हणण्याआधी निदान दोन-तीन वेगवेगळ्या मशीनवर पाहा, आणि ज्याच्यावर ती मुळात रेकॉर्ड झाली ते मशीन किंवा तो कॅमेरा कुठे पडला असेल तर शोधा. खांबाचे स्क्रू स्वतः फिरवू नका. मी फिरवतो, पण ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) हेडचा सिग्नल बघत, मूळ जागेची खूण करून, आणि तेही त्याच कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या एका मशीनवर. ठोकताळ्यानं फिरवलेला खांब परत जागेवर आणणं फार कठीण असतं.

इथपर्यंत टेप आणि मशीन झालं. तुमच्या चित्राचं वर लवणं आणि स्क्रीन निळी होणं बहुधा याच्या पुढचं आहे, सिग्नलच्या वेळेचं.

पालच्या चित्रात एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. टेप हा लवचीक प्लॅस्टिकचा पट्टा. तो ताणला जातो, थरथरतो, ड्रमचा वेगही किंचित डगमगतो. त्यामुळे कुठली ओळ जरा आधी सुरू होते, कुठली जरा नंतर. जुना टीव्ही ही चूक पोटात घालायचा, ओळींचा सरासरी ताल धरून चालायचा. कॅप्चर डिव्हाइसला ते जमत नाही. डिजिटल चित्रात मोजमाप सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा होतं, म्हणजे ओळ एका मायक्रोसेकंदानं हलली की ती चित्रात तेरा-चौदा पिक्सेल बाजूला जाऊन बसते. सरळ भिंतीच्या कडा करवतीसारख्या दिसतात त्या यामुळे. आणि एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना, रेकॉर्डिंगच्या वेळचा टेपचा ताण आणि आजचा ताण यात फरक असला की वेळेत एकदम उडी पडते. ती सावरेपर्यंत पुढच्या चित्राच्या वरच्या वीस-तीस ओळी निघून जातात. चित्राचा माथा झेंड्यासारखा एका बाजूला लवतो तो असा. गडबड आणखी वाढली की डिव्हाइसला चित्र कुठे सुरू होतं तेच सापडत नाही. मग ते निळी स्क्रीन देतं किंवा फ्रेम टाकून देतं.

यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. हा शब्द दोन वेगळ्या यंत्रांना वापरला जातो आणि घोळ तिथेच होतो. एक टीबीसी ओळीओळीची वेळ सरळ करतो. तो सहसा एस-व्हीएचएस या व्हीएचएसच्या सुधारित प्रकाराच्या वरच्या दर्जाच्या मशीनच्या आतच असतो. लवणं आणि थरथर यासाठी तो लागतो. दुसरा पूर्ण फ्रेम स्मृतीत साठवतो आणि आपल्या पक्क्या घड्याळानं पुढे सोडतो. टेपवर क्षणभर काहीच नसलं तरी तो आधीची फ्रेम पुन्हा देतो, त्यामुळे कॅप्चर तुटत नाही. निळ्या स्क्रीनवर आणि आवाज मागे पडण्यावर उपाय हा दुसरा. बाहेरून लावायचा टीबीसी बहुतेक दुसऱ्या प्रकारचा असतो. तो लावला आणि लवणं गेलं नाही म्हणून पुष्कळ जण निराश होतात.

दोन्ही मिळवणं अवघड असेल तर एक जुगाड खरोखर चालतो. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर आत येणारा सिग्नल डिजिटल करून, सावरून, पुन्हा बाहेर देतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ यासाठीच टेप डिजिटल करणाऱ्यांत प्रसिद्ध आहेत. डिस्क घालायची नाही, काही रेकॉर्डही करायचं नाही. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला आणि त्याच्या आउटपुटची कॅप्चर डिव्हाइसला. झेंड्यासारखा लवणारा माथा डोळ्यांदेखत सरळ होतो. बदल्यात चित्रातले काही बारकावे जातात, म्हणून सरसकट प्रत्येक टेपला नाही, जिला गरज आहे तिलाच लावतो. उलट, मशीनच्या आतला टीबीसी काही खराब टेपवर चित्र वर-खाली उडवतो. उड्या दिसल्या तर तो बंद करून एकदा पाहा.

जोडणीत एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी वायर) असेल तर पिवळ्या वायरऐवजी तीच वापरा. टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळेच साठवलेले असतात. पिवळ्या वायरीत ते एकत्र कालवून पुढे पुन्हा वेगळे करावे लागतात आणि रंगीत कडांवर ठिपके रांगू लागतात. मशीनवर ‘एडिट’ नावाची सोय असेल तर ती सुरू ठेवा. बऱ्याच मशीनवर ती खोटा धारदारपणा काढून टाकते.

कॅप्चर करताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन फील्ड (एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८०, २९.९७). स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर १०८० करून देतो म्हणून भुलू नका. तो अनेकदा फील्ड वाईट रीतीनं एकत्र करतो आणि चौकोनी चित्र ताणून रुंद करतो. फील्डची अशी सरमिसळ नंतर पूर्ववत होत नाही. कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत, नुकसानरहित घ्या: हफ्फीयूव्ही, लॅगारिथ किंवा एफएफव्ही१. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा धरून ठेवा. मुंग्या जास्त असतील तर फाइल आणखी फुगते, कारण मुंग्या दाबल्या जात नाहीत. डीव्ही कोडेकमध्ये तासाला साधारण १३ जीबी लागतात आणि घरगुती टेपसाठी तेही चालतं. थेट एच.२६४ या खूप दाबणाऱ्या कोडेकमध्ये मात्र पकडू नका. ड्रॉपआउट आणि मुंग्या सांभाळण्यातच त्याचे बिट संपतात आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटतात.

आवाज मागे पडतो त्याची दोन कारणं, आणि कोणतं ते ऐकून ओळखता येतं. सुरुवातीला जुळलेला आवाज हळूहळू, सारख्या गतीनं मागे पडत गेला तर चित्राचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ यांत फरक आहे. कॉम्प्युटरच्या माइक इनपुटला आवाज आणि यूएसबी डिव्हाइसला चित्र, अशी जोडणी असली की हे होणारच. दोन्ही एकाच डिव्हाइसमधून घ्या. याउलट आवाज ठीक असताना एका जागी अचानक सरकला, पुढे पुन्हा एकदा सरकला, तर तिथे फ्रेम गळल्या आहेत. पालमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंद. पंचवीस गळल्या की आवाज पूर्ण सेकंदानं चुकला. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर चालू असताना उजव्या बाजूला गळलेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचे आकडे दिसतात. त्यांच्यावर डोळा ठेवा. आकडा नेमका खराब जागी वाढत असेल तर फ्रेमवाला टीबीसी हवा. खराब जागा नसतानाही वाढत असेल तर डिस्क किंवा कॉम्प्युटर दमतोय. पहिल्या प्रकारची चूक, फाइल हातात असेल तर, आवाजाची लांबी किंचित बदलून सुधारता येते: सुरुवातीची एक टाळी आणि शेवटची एक टाळी मोजा, फरक काढा. दुसऱ्या प्रकारात जागोजागी कापत बसावं लागतं. त्यापेक्षा टेप पुन्हा चालवा.

आवाजाबद्दल आणखी एक. हायफाय मशीनवर आवाजात सतत घरघर किंवा तडतड येत असेल तर घाबरू नका. हायफायचा आवाज फिरत्या हेडनंच वाचला जातो, त्यामुळे ट्रॅकिंग जरा चुकलं तरी तो घरघरतो. रिमोटवर किंवा मेनूत आवाज ‘नॉर्मल’ करा, म्हणजे वरच्या काठावरचा साधा ट्रॅक ऐकू येईल. तो मंद आणि दबलेला असतो, पण सलग असतो. एका टेपवर आजी नातवाशी बोलत होत्या आणि घरघरीमुळे एक शब्द कळत नव्हता. साध्या ट्रॅकवर त्यांचं बोलणं स्वच्छ मिळालं. आता मी अशा टेप दोनदा पकडतो, एकदा हायफायवर, एकदा साध्यावर, आणि जिथे जो चांगला तो घेतो.

मिनीडीव्ही या डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट असतील तर त्यांचं गणितच निराळं. टेपवर आधीच आकडे आहेत. ते फायरवायर या डिजिटल वायरनं जसेच्या तसे उतरवायचे, पिवळ्या वायरनं नाही. तिथे दोष मुंग्यांऐवजी चौकोन होऊन दिसतो. हेड साफ करा आणि पुन्हा उतरवा. एलपी या संथ वेगात रेकॉर्ड केलेली मिनीडीव्ही ज्या कॅमेऱ्यानं केली त्याच कॅमेऱ्यात सगळ्यात नीट चालते. दर वेळी चौकोन वेगळ्या जागी येत असतील तर दोन-तीन वेळा उतरवून त्यांतल्या चांगल्या फ्रेम एकत्र करणारं डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे.

आता सॉफ्टवेअर. पुन:पुन्हा उतरवून चांगलं तेवढं घेण्याची ती युक्ती व्हीएचएसलाही लागू पडते: एकच टेप तीनदा पकडायची, फ्रेमला फ्रेम जुळवायची आणि एव्हीसिंथ या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पिक्सेलचं मधलं मूल्य घ्यायचं. एखादी पांढरी रेघ तीनपैकी एकाच वेळी आली असेल तर ती गळून पडते. फ्रेम मात्र एकही गळलेली नको, नाहीतर तीन फाइल जुळतच नाहीत. इंटरलेस काढायला त्यातलीच क्यूटीजीएमसी ही स्क्रिप्ट वापरा आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, हालचाल टेपसारखीच सलग राहते. त्याआधी फील्डचा क्रम बरोबर आहे ना ते पाहा. हात हलवणाऱ्या माणसाचा हात पुढे-मागे थरथरत जात असेल तर क्रम उलटा आहे. अॅनालॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचं फील्ड आधी असतं, डीव्हीत खालचं. इंटरलेस काढल्याशिवाय चित्राचा आकार बदलू नका. मुंग्या कमी करणारे फिल्टर हात राखून वापरा. चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसू लागली की फार झालं. आणि हे सगळं प्रतीवर करा, मूळ कॅप्चर फाइलला हात लावू नका.

तुमच्या बाबतीत मी या क्रमानं जाईन: आधी कागदानं हेड साफ, मग फालतू टेप, मग तुमच्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची कॅसेट पूर्ण रिवाइंड करून तीनदा चाचणी. पट्टे हातानं ट्रॅकिंग जुळवून गेले तर वाटेत डीव्हीडी रेकॉर्डर घालून पाहा आणि आवाज चित्राच्याच डिव्हाइसमधून घ्या. एवढ्यात चारपैकी तीन तक्रारी तरी जायला हव्यात.

आणि काम झाल्यावर कॅसेट टाकून देऊ नका. व्हीएचएस-डीकोड नावाच्या मुक्त प्रकल्पात मशीनच्या आतून हेडचा कच्चा सिग्नलच पकडतात, मशीनचं बाकीचं सर्किट वगळतात आणि वेळ सरळ करण्यासकट सगळं कॉम्प्युटरवर करतात. आज माझ्याकडून न सावरलेल्या काही टेप मी त्यासाठी कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या, पूर्ण रिवाइंड करून ठेवल्या आहेत. वीस सेकंद चुरगळलेली ती वाढदिवसाची टेपही, त्या कुटुंबाच्या परवानगीनं, त्यांतच आहे.